सतरा दिवसांची शून्यं

ता. दर्यापूर,
११ जून २०२५

चि. ललित,
सप्रेम जयभीम.

इकडे बरं आहे. गुडघा दुखतो, पण चालते-फिरते. संध्याला विचारलं म्हणून सांग.

रविवारी तू शाळेत सभा घेतलीस. बसण्याआधी रुमालानं खुर्ची पुसलीस, तेही पाहिलं. याच शाळेत आपण जमिनीवर बसून शिकलो. तीस वर्षांचा पाऊस आणि तापमान तू पडद्यावर मांडलंस आणि शेवटी ‘स्थानिक मदतनिसांचे’ आभार मानलेस. स्थानिक मदतनीस म्हणजे मी. तीस वर्षं रोज सकाळी साडेआठला शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहिणारी तुझी सख्खी बहीण. डॉक्टरेट झाली की जीभ जड होत असेल, बहिणीचं नाव घेववत नसेल.

उन्हाळे तापत चालले, हे तू सांगितलंस ते खरं आहे. पण त्यासाठी अकोल्याहून यावं लागत नाही. मे महिन्यात अकरानंतर वावरात बाई थांबत नाही, तिला विचार. पाऊस महिनाभराचं पाणी चार दिवसांत ओतून मोकळा होतो, हेही लोकांना ठाऊक आहे. तू मात्र पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवावी तसा बोलत होतास.

मग तू २०१३ च्या जुलैवर लाल गोल काढलास. सलग सतरा दिवस शून्य. ‘इथून पावसाचं वळण बदललं’ म्हणालास आणि त्या गोलावर वीस मिनिटं खर्ची घातलीस. जुलैची उघडीप आता धरूनच चाला, पेरणी पंधरा दिवस पुढं ढकला, असा हुकूम सोडलास.

तेव्हा खुशालराव उठले. म्हणाले, “सायेब, त्या सालच्या जुलैत तं नाल्याले पूर होता. माहा गोऱ्हा वाहून गेला त्यात.”

तू हसलास. “काका, आठवण म्हणजे नोंद नव्हे.”

तू हसलास म्हणून लोकही हसले. त्यांच्या सुनेनं, प्रणालीनं, हात धरून त्यांना खाली बसवलं. मी मागच्या रांगेत होते.

आता ऐक. त्या सतरा दिवसांत मी गावात नव्हतेच. अमरावतीच्या दवाखान्यात आईजवळ होते. तुला तारखा आठवायच्या नाहीत. तू बंगळूरला परिसंवादात होतास, परतल्यावर कसलासा अहवाल होता. फोनवर म्हणालास, “ताई, तू आहेस ना तिथं.” आई दाराकडं पाहायची. ललित गाडीत बसला, असं मी तिला सहा वेळा सांगितलं. सहाव्या वेळी तिनं माझा हात दाबला. तिला कळलं होतं. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून पुन्हा विचारलं नाही.

ती गेली; तिला घेऊन गावी आले तेव्हा मापकातली बाटली भरून वाहिलेली होती. कोणत्या दिवशी किती पडला, सांगायला काही उरलं नव्हतं. रकाने कोरे ठेवायला हवे होते. पण कोरे का, हे हवामान कार्यालयाला लिहून द्यावं लागलं असतं आणि ‘आई वारली’ एवढं लिहायला माझा हात धजेना. मी सतरा शून्यं टाकली. हा खोटेपणा माझा एकटीचा. रविवारीही मी तुझ्याहून बरी नव्हते. एक म्हातारा माणूस माझ्या आकड्यांपायी खोटा ठरला आणि मी पाहत बसले.

पण तू? तू मातीला आलास तेव्हा आईला आपण गुडघाभर चिखलातून नेलं. तुझा बूट रुतला, तू शिवी हासडलीस. मी तुझ्या बाजूलाच होते. त्याच जुलैवर लाल गोल काढताना तुला काहीच आठवलं नाही? की तुझ्या पायाला लागलेला चिखलसुद्धा नोंदीत नसला की लागतच नाही?

सोमवारी खुशालरावांकडे गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मंग मी खोटा नवतो ना, बाई? हे प्रणालीले सांगा.”

प्रणालीला बोलावून सांगितलं. ती खाली मान घालून आत गेली, सासऱ्यासाठी चहा घेऊन आली. मला दिला नाही. योग्यच केलं.

काल कार्यालयाला कबुलीपत्र टाकलं. ते सतरा आकडे खोडा, असं माझ्या सहीनिशी लिहिलं. मोजणी माझ्याकडून काढून घेतील. घेऊ देत. इकडे अर्धं गाव तुझं ऐकून पेरणी लांबवायच्या विचारात आहे. मी घरोघर फिरून सांगून राहिले, गुडघा धरून.

वीस तारखेला चांदूर बाजारला तू हाच तक्ता दाखवणार आहेस, असं कळलं. मी येते आहे. या वेळी पहिल्या रांगेत बसेन. त्या जुलैत आपण कुठं होतो, ते तू सांगितलंस तर मी बसून राहीन. नाहीतर उठेन. आणि तेव्हा मला हात धरून खाली बसवायला तिथं कोणी नसेल.

अजून लिहिता येतं, म्हणून लिहिते आहे,
तुझी ताई,
दीपमाला