पौर्णिमासाठी घरचीच अंडी

४ मे.
बायकोला, पौर्णिमाला, टीबी निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर रोज दोन अंडी सांगितली. घरात सहा कोंबड्या असताना काळजी कसली? दुकानाचं अंडं या घरात येणार नाही, हे ठरवलं. कोंबड्या आजवर तीच पाहायची, आता मी. कापसाच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं सुपरवायझर होतो. उत्पादन कसं काढायचं, मला कळतं.

५ मे.
कोंबड्या दिवसभर निंबाखाली लोळतात. शिस्त नाही. नवीन टिनाच्या शेडमध्ये कोंडल्या. पाण्याचं घमेलं अंगणाच्या मधोमध, उन्हात. दिवसातून दोनदा सोडून पाजायचं.

८ मे.
अंडी बंद. कारण सापडलं : कोंबडा. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. शेजारच्या तानबाला देऊन टाकला.

९ मे.
पौर्णिमा खाटेवरून म्हणते, अवो, त्याईले निंबाखाली सोडा, घमेल्यातलं पाणी चहासारखं तापते. बिचारी तापात बोलते. पारा सेहेचाळीसवर आहे, सगळ्यांनाच गरम होणार.

११ मे.
तानबा देवळीच्या बाजारातून डझनभर अंडी घेऊन आला. वहिनीले द्या म्हणे, तुमच्या कोंबड्याईचं मग पाहू. पौर्णिमानं हात पुढे केला होता. मी ट्रे परत दिला. पोल्ट्रीच्या अंड्यात काय असतं, कोणाला माहीत? एक-दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

१२ मे.
कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. शेड तापतं, हे मान्य. सोपा उपाय : कुलर. घरात एकच आहे, पौर्णिमाच्या खोलीत. तिच्यासाठीच अंडी हवीत, म्हणजे कुलर तिच्याच कामाला लागला. तिला समजावलं. ती म्हणाली, न्या. समजूतदार बाई.
कुलरच्या आवाजाला भिऊन सगळ्या कोंबड्या लांबच्या कोपऱ्यात. सवय होईल.

१४ मे.
पिसं गळताहेत. नवीन पिसं म्हणजे नवीन जोम. पौर्णिमाही आता तोंड उघडं टाकून झोपते. जेवत नाही. अंडी सुरू झाली की तोंडाला चव येईल.

१५ मे.
मुलगी रक्षा हिंगणघाटहून अचानक आली. खोलीत पाय ठेवताच ओरडली, बाबा, आईचा कुलर कोंबड्याईले? तुमाले काही समजून राह्यलं का? मी उत्पादनाचा मुद्दा मांडत होतो. तिनं ऐकलं नाही. तानबाच्या गाडीत आईला घालून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. मी थांबलो. कोंबड्यांना कोण पाहणार?

१७ मे.
रक्षाचा फोन. सलाईन लावलंय. आई तुमाले विचारून राह्यली, येऊन जा म्हणे. जाणारच. पण रिकाम्या हातानं कसं जायचं? उद्या.

१८ मे.
अंडं! पण कवच नाही, नुसती पिशवी. उचलताना फुटलं. तरी सुरुवात झाली, हे महत्त्वाचं. उद्या नक्की चांगलं मिळेल. घेऊनच निघतो. डबा धुऊन ठेवला.

१९ मे. सकाळी दहा.
अजून नाही. फोन दोनदा वाजला, मी शेडमध्ये होतो. बाराची बस पकडतो. फार तर दोनची.

१९ मे. दुपार.
तानबा दारात येऊन उभा राहिला. भाऊ, चला, एवढंच म्हणाला. डबा घेत होतो, त्यानं हातातून काढून घेतला.

२१ मे.
मयतीला आलेले पाहुणे गेले. रक्षाला विचारलं, आईनं तिथं काही खाल्लं होतं का?
म्हणाली, बाजूच्या खाटेवरल्या बाईनं उकडलेलं अंडं देल्लं होतं. दुकानाचं. आईनं अर्धं खाल्लं. चांगलं लागते म्हणे.