चौथ्या कलमाचं पाणी

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी गव्हर्नर ब्रॅडॉकनी राज्यात दुष्काळी आणीबाणी जाहीर केली. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीत बर्फ पडत होतं. दोन वाक्यं झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, पडदा ओढला.

जमिनीखालचं पाणी आटलंय हे खरंच आहे. पश्चिमेकडच्या विहिरी दोन वर्षं खोल खोल जातायत. पण दोन वर्षं गप्प बसून आजच कंठ फुटला, म्हणजे कुणीतरी घसा शेकून दिलेला असणार.

दुपारी त्यांचा वकील टोबिन आमच्या मसुदा-कचेरीत आला. सत्तावीस वर्षं हेच करतेय — आमदार लाल पक्षाचा असो की निळ्या, तो सांगेल ते कायद्याच्या भाषेत उतरवून द्यायचं. मत द्यायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. टोबिनला आणीबाणीच्या कायद्यातलं एक वाक्य उडवून हवंय — ‘तीस दिवसांपुढे आणीबाणी चालवायची तर विधिमंडळाची मंजुरी हवी.’

ते वाक्य माझंच आहे. सहा वर्षांपूर्वी निळा गव्हर्नर होता, तेव्हा लालांनी लिहून घेतलं होतं. तेव्हाचे लाल आमदार ब्रॅडॉक मूठ आपटून म्हणाले होते, या राज्याला राजा नको. निळे म्हणाले होते, संकटात एकाच्या हाती सूत्रं हवीत. आता भूमिका उलट. दोघांनी भाषणंही नवी लिहिलेली नाहीत — एकमेकांची उचललीत.

बुधवार, २६ फेब्रुवारी

टोबिननं आज विधेयकात चौथं कलम घालायला दिलं. आणीबाणीत पाणी कुणाला आधी द्यायचं, त्याचा क्रम. पहिला नंबर ‘अत्यावश्यक माहिती-सुविधां’ना. मग गावं. मग गुरं. मग शेतं.

“माणसांच्या आधी?” मी विचारलं.

“कायद्यात माणसं आहेत की, मार्लीस. दुसऱ्या नंबरवर.”

अशी सुविधा राज्यात एकच होऊ घातलीय — क्लिअरबेसिन कंपनीचं डेटा सेंटर, हॉलिस काउंटीत. संगणक थंड ठेवायला त्यांना अख्ख्या शहराइतकं पाणी लागतं. आणि टोबिननं पाठवलेल्या कागदाच्या प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात क्लिअरबेसिनच्या वकिलांचं नाव तसंच राहिलेलं. निदान ते तरी पुसायचं. पण ज्याला लाज नाही त्याला खोडरबर कशाला?

हॉलिसमध्ये माझा भाऊ राहतो.

रविवार, २ मार्च

भावाकडे, ड्वेनकडे जेवायला. भावजयीनं, जोलीननं, हॅम आणि बटाट्याचं कॅसरोल केलं होतं. फाटकाशी ब्रॅडॉकची पाटी अजून उभीच, निवडणूक होऊन चार महिने झाले तरी.

“राजधानीत काय म्हणतात आमचे गव्हर्नर?” ड्वेननं विचारलं.

“तुझी आठवण काढत होते.”

“काढणारच. माणूस कामाचा आहे. तुमच्या निळ्यांसारखा नुसता बोलघेवडा नाही.”

“मी कुणाचीच नाही, तुला माहितीय.”

“हो ना. सत्तावीस वर्षं कुंपणावर बसून तुला टोचत कसं नाही, तेच बघतोय.”

शेजारच्या लार्सनांचा पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय म्हणाला. वडिलांनी खणलेली आमची विहीर अजून तग धरून आहे. चौथं कलम माझ्या जिभेवर होतं. कॅसरोलबरोबर गिळलं. नियम.

बुधवार, ५ मार्च

पुन्हा सहा इंच बर्फ. आणीबाणी चालू.

मंगळवार, ११ मार्च

निळ्यांच्या नेत्या आयव्हन प्रॅदर यांनी सभागृहाच्या पायऱ्यांवर घणाघाती भाषण केलं. ‘ही राजेशाही आहे.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही खिडकीतून दोन वाजवल्या असत्या, पण खिडकीही सरकारी.

अर्ध्या तासानं मागच्या जिन्यानं बाई माझ्यासमोर. दुरुस्ती लिहून हवी — मुदतवाढीवर एकट्या गव्हर्नरची नको, समितीचीही सही हवी.

“आणि चौथं कलम?” मी विचारलं.

“त्याला हात लावू नकोस. चौथं ठीक आहे.”

“ठीक?”

“मार्लीस, क्लिअरबेसिनचं दुसरं केंद्र माझ्या मतदारसंघात येतंय. सहाशे नोकऱ्या. मी काय लोकांना नोकऱ्या नको म्हणू?”

म्हणजे राजा नको, पण राजाचा सावकार चालेल! बाईंनी मागितली तशी दुरुस्ती लिहून दिली. छान लिहिली. मीही काही कमी नाही.

मंगळवार, १८ मार्च

विधेयक आज उघड झालं. संध्याकाळी ड्वेनचा फोन.

“हे चौथं कलम तू लिहिलंस?”

“लिहिलं नाही. टंकलं म्हण.”

“बरं. मग आता त्यात पडू नकोस.”

“ड्वेन, तू वाचलंस का ते? तुझी विहीर —”

“माझ्या विहिरीचं मी बघतो. तू तुझ्या कुंपणावर बस.”

ठेवून दिला. स्वतःच्या गळ्यावर सुरी आली तरी पाटी काढणार नाही हा माणूस. रात्रभर चिडचिड.

मंगळवार, २५ मार्च

समितीपुढे सुनावणी. मसुदा लिहिणाऱ्यानं मागे खुर्चीत बसायचं, बोलायचं नाही. फार तर अध्यक्षांनी विचारलं तर ‘होय, सर.’

हॉलिसच्या पाच-सहा जणांनी साक्ष दिली. लार्सनबाई म्हणाल्या, आता नातवंडांना आंघोळीला तालुक्याच्या शाळेत नेते. अध्यक्ष गोरम लाल पक्षाचे. घड्याळ बघत होते. त्यांनी मला हाक मारली, प्रकरण मिटवायला.

“मिसेस हॉग्लंड, चौथ्या कलमाची भाषा आपल्या कचेरीचीच आहे ना?”

होय, सर. दोन शब्द. तोंडात तयार होते.

“नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“भाषा क्लिअरबेसिनच्या वकिलांची आहे. मूळ कागदावर प्रत्येक पानाखाली त्यांचं नाव आहे. मी फक्त आकडे घातले.”

“हे — हे तुम्हाला कुणी दिलं?”

“गव्हर्नरच्या वकिलांनी. आणि विरोधी नेत्यांनी त्याला हात लावू नकोस म्हणून सांगितलं.”

टोबिन छताकडे बघत होता. प्रॅदरबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, सापडेना. वडील असते तर म्हणाले असते, उशिरा का होईना.

गुरुवार, २७ मार्च

निलंबित. आमचा संचालक लोवेल, बिचारा, रडवेला होऊन पत्र घेऊन आला. “चौदा महिने राहिले होते गं पेन्शनला. चौदा.”

माझ्या निषेधाचा ठराव लाल-निळ्यांनी एकमतानं मंजूर केला. या अधिवेशनातलं पहिलं एकमत. कुठे तरी उपयोगी पडले म्हणायचं.

गुरुवार, ३ एप्रिल

चौथं कलम गेलं! वर्तमानपत्रांनी लावून धरलं, आमदारांच्या घरांपुढे लोक रिकाम्या बादल्या घेऊन बसले. मतदानाला एकही हात कलमाच्या बाजूनं उठला नाही. बाकी विधेयक मंजूर — माझं तीस दिवसांचं वाक्य मागच्या तारखेपासून उडालं, समितीच्या सहीची दुरुस्तीही पडली. गोरम म्हणाले, मला पहिल्यापासून शंका होती. प्रॅदरबाई म्हणाल्या, हा माझ्या लढ्याचा विजय.

त्यांना घेऊ देत. लार्सनांचं पाणी वाचलं. ड्वेनचंही — त्याला पटो न पटो. रविवारी ॲपल पाय घेऊन जाते.

रविवार, ६ एप्रिल

लिहायला हवं.

दार जोलीननं उघडलं. ॲपल पाय हातात घेतला नाही. ड्वेन आतल्या खोलीत, खुर्चीत. मी समोर उभी राहिले तर म्हणाला, “कोण आहे?”

त्याचे डोळे जातायत. वर्षभर. मधला भाग पूर्ण काळा, कडेनं थोडं दिसतं, त्यावरच माझ्यापासून लपवत आला. गाडी बंद. सगळ्यात जवळचा डोळ्यांचा डॉक्टर दीडशे मैलांवर. दोघांना ॲरिझोनाला मुलीकडे जायचंय, तिच्याजवळ घर घ्यायचंय. म्हणून ऑक्टोबरात त्यांनी वडिलांच्या जमिनीखालचं पाणी क्लिअरबेसिनला विकलं. करार असा, की कंपनीला पाण्याचा पहिला नंबर देणारा नियम लागू झाला, म्हणजे आताचं चौथं कलम आलं, तरच पैसे. आणि तोवर कुणाजवळ बोलायचं नाही, अशी सही.

“लार्सनांचं काय?” मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

“लार्सनांनीही सही केलीय,” जोलीन म्हणाली. “नवऱ्यानं. बाईला माहीत नव्हतं.”

“मला सांगायचं होतंस, ड्वेन.”

“तू सांगितलंस? इथे, याच टेबलावर बसून जेवलीस. तेव्हा तुला ठाऊक होतं.”

घरी येईपर्यंत रडू आलं नाही. ॲपल पाय परत आणला.

मंगळवार, ८ एप्रिल

गव्हर्नर ब्रॅडॉकनी विधिमंडळाला न विचारता, आणीबाणीच्या अधिकारात एकट्याच्या सहीनं चौथं कलम परत आणलं. बातमी उभ्यानंच वाचली. आधी हायसं वाटलं, ड्वेनचे पैसे सुटले. मग संताप येईल म्हणून वाट बघत बसले.

संतापाच्या आधी ड्वेनचा फोन आला.