इथे अशी मुलगी आली नव्हती

जेसोर, बांगलादेश
२ मे १९७२

ती. सौ. भागीरथा वहिनीस,
जयवंताचा कृ. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. भाऊ गावभर सांगत असेल की बहीण विमानाने फॉरेनला गेली. त्याला म्हणावं, कलकत्त्यापर्यंत रेल्वे आणि पुढे तांदळाच्या पोत्यांवर बसून ट्रक, असं हे फॉरेन आहे.

लढाई संपून चार महिने झाले. एका पडक्या शाळेत हे बालगृह आहे, एकशे चाळीस मुलं. वर्ध्याच्या संस्थेकडून आम्ही पाच जण आलो आहोत. नालवाडीच्या बालवाडीचा अनुभव म्हणून मला लहान मुलांत घातलं, आणि इंग्रजी लिहिता येतं म्हणून कचेरीचे कागदही माझ्याकडेच आले. बंगाली रोज थोडी थोडी शिकते. मुलं माझ्या उच्चारांना पोट धरधरून हसतात. हसतात हेच पुष्कळ आहे.

एक मात्र हसत नाही. चारेक वर्षांची असेल. बोलतच नाही, त्यामुळे नाव कळत नाही. सगळे तिला खुकी म्हणतात, म्हणजे आपल्याकडे पोट्टी म्हणावं तसं. दिवसभर फाटकापाशी बसते आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईकडे बघते. जेवायला वाढलं की ताट पुढे सरकवायची. नको असेल, असं मला वाटायचं. तीन दिवसांनी कळलं, तिला भातावर फुंकर घालून हवी असते. भात गार असला तरी. फुंकर घातली की मुकाट्याने जेवते.

भाची मंदाला पापा. तू जिवाला जप आणि या नणंदेला मनातून उतरू देऊ नकोस.

तुझी
जयवंता

---

हिंगणी
२८ मे १९७२

चि. जयवंताले भागीरथाचे गंज सारे आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. आंधी मंदानं वाचून दाखोलं, मंग म्या एकटीनं दोनदा वाचलं. मी चौथी शिकलेली, जसं तोंडात येते तसंच कागदावर येते. माह्या अक्षराले हासू नको. तुह्या भावानं चावडीवर सगळं सांगतलं, फक्त ट्रकाचं कोनाले सांगतलं नाई.

इकडं ऊन भलतंच हाये. बोर धरनाचं पानी पार खाली गेलं. जंगलातला बिबट पान्यासाठी बापूरावच्या गोठ्यापर्यंत आलता. पुलगावच्या मिलमधले प्रभाकरराव कारकून, त्याइचं स्थळ आलं तुह्यासाठी. मानूस बरा दिसते. पोरगी परदेशातून कधी येते म्हून इचारत होते. म्या म्हनलं, तिचं तिलेच ठाव.

त्या पोरीचं वाचून जीव कसातरी झाला. मी लगन होऊन या घरात आली तवा तू सहा वर्साची होती. तुही माय जाऊन दोन मयने झालते. तू बी अशीच दारात बसून राहे. म्हून एक सांगून ठेवते. दुसऱ्याच्या लेकराले जीव लाव, पन आपलं म्हनू नको. तिची माय कुठं ना कुठं असन.

तब्येतीले सांभाळजो, लवकर येजो.

तुही वहिनी
भागीरथा

---

जेसोर
३० नोव्हेंबर १९७२

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. काम फार होतं.

खुकी गेली. म्हणजे दत्तक गेली, कॅनडातल्या एका कुटुंबात. माणसं चांगली आहेत. त्यांची पत्रं मीच वाचली होती. मुलीला विचारायला सहा महिन्यांत कोणी आलं नाही, असा दाखला लागतो. त्या दाखल्यावर माझी सही आहे. बारा दिवस झाले. मोटारीत बसताना तिने मागे वळून पाहिलं नाही. बरंच झालं.

परवा मंगळवारी एक बाई आली होती. पाणी पिऊन गेली. बाकी विशेष काही नाही.

मी जानेवारीत परत येते. प्रभाकररावांना नाही म्हणून कळव. कारण विचारू नकोस.

तुझी
जयवंता

---

हिंगणी
२ ऑगस्ट १९७३

चि. जयवंताले आशीर्वाद.

नालवाडीले तुह्याकडं चार दिवस राहून आली, पन समोरासमोर इचाराची हिंमत झाली नाई, म्हून लिहून राह्यली.

तुह्या घरी आपुन तिघी. तू, मी आन मंदा. ताटं चार काऊन मांडतं? पहिल्या दिवशी मले वाटलं, कोनी पाव्हनं येनार असन. दुसऱ्या दिवशी तू त्या चौथ्या ताटात भात वाढला आन त्याच्यावर फुक मारली. मंदानं पाह्यलं. माह्या पदराले धरून बसली, जेवली नाई. अंगनाचं फाटक तू लावू देत नाई. कुत्रे आत येतात तरी नाई. आन तिसऱ्या दिवशी भरदुपारी पायरीवर उभी राहून तू कोनालेतरी त्या तिकडच्या भाषेत आत बलावत होती. अंगनात कोनी नोतं, जयवंता. म्या सोता पाह्यलं.

तुह्या भावाले म्या सांगतलं नाई. तो लगेच बाहेरवाशाच्या मांत्रिकाले घेऊन येईन. मले ते भूत-बित वाटत नाई. तू तिकडं काही करून आली हायेस. माह्यापाशी बोल. म्या तुही वेनी घातली हाये, माह्यापासून काय लपोतं?

वाट पाहून राह्यली.

भागीरथा

---

नालवाडी
११ ऑगस्ट १९७३

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस उशाशी ठेवलं. आज लिहिते.

ती पाणी पिऊन गेलेली बाई खुकीची आई होती.

खुकीला नेल्यानंतर दहाव्या दिवशी ती आली. संचालिका ढाक्याला गेल्या होत्या. कचेरीत मी एकटी होते. बाईचं नाव हालिमा. पाय सुजलेले, कडेला मळकी झोळी. पळापळीत मुलगी हातातून सुटली, तेव्हापासून शोधते आहे, म्हणाली. मुलीचं नाव टुनी. मी विचारलं, खूण काय? ती म्हणाली की अंगावर खूण काही नाही, पण भातावर फुंकर घातल्याशिवाय जेवत नाही.

वहिनी, मला त्याच क्षणी कळलं. समोर टेबलावर दाखल्याची नक्कल पडली होती, माझ्या सहीची. मी ती वहीखाली सरकवली आणि म्हणाले की इथे अशी मुलगी आली नव्हती.

का म्हणाले? सहीची भीती होती. नाही असं नाही. पण त्याहून जास्त त्या बाईच्या चेहऱ्याची होती. तो चेहरा माझ्यासमोर मोडलेला मला बघायचा नव्हता. मुलगी चांगल्या घरी गेली आहे, हिला सांगून तरी काय होणार, असं मी मनाला समजावलं. तिला पाणी दिलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढे एका कागदावर आणखी तीन बालगृहांचे पत्ते लिहून दिले, रस्ते काढून दिले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून दुवा दिला आणि ती त्या रस्त्याने गेली.

खुकी मला इथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दिसली, बालवाडीच्या फाटकापाशी. काही मागत नाही, बोलत नाही. नुसती रस्त्याकडे बघत बसते. जेवायच्या वेळी आत येते. मला वेड लागलं असेल तर तसं स्पष्ट सांग.

जयवंता

---

हिंगणी
१९ ऑगस्ट १९७३

चि. जयवंता,

आशीर्वाद. येड-बीड काही नाई लागलं तुले.

माह्या भावाचं, रूपरावचं, तुले कधी सांगतलं नाई. तो सतरा वर्साचा असताना जंगलकटाईच्या ठेकेदारासंग चांद्याकडं गेलता, तो आलाच नाई. माही माय दर बाजारी सिंदी टेशनवर जाये, गाडीतून उतरनाऱ्याइचे तोंडं पाहे. असे अकरा वर्स. आमच्या गावचा सदाशिवराव त्याच ठेक्यावर होता. रूपराव तिथं हगवनीनं मेला हे त्याले ठाव होतं. त्यानंच त्याले माती देल्ली. पन मायले काऊन दुखवा म्हून तो बोलला नाई. अकरा वर्सानं तो बिमार पडला तवा त्यानं बलावून सांगतलं. माय तेरा दिवस रडली आन चौदाव्या दिवशी वावरात निंदाले गेली. त्याच्या आंधी मात्र ती सदाशिवरावले म्हनली की पोरगा देवानं नेला, माहे अकरा वर्स तू नेले.

जयवंता, तू सदाशिवराव होऊ नको. ते लेकरू तुह्या मांगं लागलं नाई. ते मायची वाट पाहून राह्यलं, आन मायचा रस्ता तुलेच ठाव हाये. जा आन त्या बाईले धुंड. तिनं मारलं तं मार खाजो. तुह्या भावाले मी पाहून घेते, त्याले म्हनते की संस्थेनं बलावलं.

भागीरथा

---

जेसोर
१८ फेब्रुवारी १९७४

ती. सौ. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

भेटली.

नोव्हेंबरात इथे आले, तेव्हा पहिल्यांदा संचालिकाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की कचेरीत तुला पुन्हा बसवणार नाही, पण कॅनडाचा पत्ता देते. मी त्या कुटुंबाला सगळं खरं लिहिलं आणि हालिमाला शोधायला निघाले. मीच लिहून दिलेल्या तीन पत्त्यांपैकी दुसऱ्या ठिकाणी दरवानाने तिला ओळखलं. म्हणाला, ती झोळीवाली बाई? ती तर दर शुक्रवारी येते, नवीन मुलं बघून जाते. हातात एक कागद असतो, त्याच्या घड्या आता फाटल्या आहेत.

दोन शुक्रवार मी नुसती वाट पाहिली, तिसऱ्या शुक्रवारी ती आली. मला पाहून हसली. तिला वाटलं, मी काही चांगली बातमी आणली. वहिनी, ते हसू मी कुठे ठेवू?

उभ्या उभ्याच सांगितलं, नाहीतर पुन्हा जीभ उचलली नसती. तिने माझ्या तोंडात मारली. दरवान धावला, त्याला मी थांबवलं. मग ती तिथेच मातीत बसली आणि विचारलं, किती दिवसांनी चुकले? दहा, मी म्हणाले. ती बोटं मोजू लागली. ते दहा दिवस ती तापाने सीमेवरच्या छावणीत पडून होती. बोटं मोजून झाल्यावर जे रडली, ते मी लिहिणार नाही.

गेल्या आठवड्यात कॅनडाचं उत्तर आलं. माणसं खरंच चांगली आहेत. घाबरली आहेत. मुलगी आता बोलते, पण त्यांच्या भाषेत. शाळेत जाते. तिला परत पाठवणं त्यांना शक्य नाही, मोठी झाली की सांगू, असं लिहिलं आहे. फोटो पाठवला आहे. लोकरी टोपी घातलेली, दात पडलेला. हालिमाने तो फार वेळ पाहिला. कापलेले केस बघून म्हणाली की आता ही रस्त्यात भेटली असती तर मी ओळखली नसती. मग फोटो कपाळाला लावून झोळीत ठेवला. आता ती बालगृहं हिंडत नाही.

तू विचारशील म्हणून लिहिते. खुकी मला अजून दिसते. इथेही दिसते. मी ते हालिमाला सांगितलं. तिने फक्त विचारलं की अंगात फ्रॉक कोणता असतो.

भेटली त्याच दिवशी माफी मी पुष्कळदा मागितली. ती म्हणाली, नाही देणार. झोळी उचलून निघाली. चार पावलांवर थांबली आणि पाठमोरीच म्हणाली की पुढच्या शुक्रवारी ये. टुनीची चार वर्षं माझ्याजवळ आहेत, पुढचे सात महिने तुझ्याजवळ. मला ते सगळे पाहिजेत, एकही दिवस न गाळता.

तेव्हापासून दर शुक्रवारी आम्ही दरवानाच्या ओट्यावर बसतो. मी सांगते, ती ऐकते. एखादा दिवस मला आठवला नाही तर ती उठत नाही, तो आठवेपर्यंत बसून राहते. त्यामुळे यंदा माझी वाट पाहू नका. गेल्या शुक्रवारपर्यंत आम्ही जूनच्या बारा तारखेला पोचलो आहोत.

भाऊला नमस्कार, मंदाला पापा. तुझी माया आहे म्हणूनच हे लिहू शकले, ती माझ्यावर अशीच असू दे.

तुझी
जयवंता