नळावरचे ठोके

आबा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि मी आता तुमच्याच कामावर आहे. तुमच्यासारखी चिखलात उतरत नाही एवढंच. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला एक थंडगार खोली आहे, तिथे मी आणि आणखी दोघं पडद्यांसमोर बसतो. आजूबाजूच्या गावांच्या टाक्या, मोटारी, व्हॉल्व्ह सगळं त्या पडद्यांवर दिसतं. कुठल्या टाकीत किती पाणी उरलं, कुठल्या गल्लीत दाब कमी झाला, कुठली मोटार जास्त वीज खातेय, हे आम्हाला गावातल्या माणसाच्या आधी कळतं. तुम्ही गावाचं पाणी सोडायला सायकलवर पान्हा बांधून फिरत होता. आता व्हॉल्व्ह आपल्या वेळेला आपोआप उघडतात, आपोआप बंद होतात. अंथुर्ण्याच्या पुढे फाट्यावरून आत आपलं गाव, तेही गेल्या वर्षी या व्यवस्थेत आलं. पडद्यावर गावाचं नाव पहिल्यांदा उमटलं तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही, की हे माझं माहेर आहे.

तुमची ती लोखंडी सळई आठवते का? एका टोकाला सुताराकडून लाकडाची वाटी बसवून घेतलेली. सळईचं टोक नळावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. जमिनीखाली कुठे गळती आहे ते तुम्ही तेवढ्यावर सांगायचा. मी दुसरीत असेन, शाळा सुटल्यावर तुमच्या मागे लागून टाकीपाशी आलेय. तुम्ही वाकून ऐकताय आणि मी बडबडतेय. एकदम तुम्ही माझं मनगट धरलंत. ‘गप. पानी काय म्हणतंय ते ऐकू दे.’ तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता, म्हणून मला रडू आलं. मग तुम्ही वाटी माझ्या कानाला लावलीत. आत लांबवर कुणीतरी श्वास घेत होतं. मी घाबरून कान काढून घेतला. तुम्ही हसलात, पण तो श्वास कुणाचा ते काही सांगितलं नाहीत.

आता सळईचं काम सेन्सर करतो. काडेपेटीएवढी डबी, चुंबकाने नळाला चिकटवलेली. दिवसभर ती ऐकत बसते आणि आवाज आमच्याकडे पाठवते. गळतीचा आवाज कसा, वाऱ्याचा कसा, ट्रॅक्टर गेल्याचा कसा, हे संगणकच ओळखतो. त्याला जे ओळखता येत नाही, तेवढंच आमच्याकडे येतं. आपल्या गावच्या जुन्या गल्लीतला नळ अजून लोखंडीच आहे, त्यावर बसवलेली डबी रोज दुपारी एक आवाज पाठवायला लागली. कारखान्याचा बाराचा भोंगा व्हायचा आणि मिनिटभरात तीन ठोके. सावकाश, सारख्या अंतराने. थोडं थांबून दोन ठोके. ते जास्त खोल, जास्त लांबचे. मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. आमचे साहेब हेडफोन लावून ऐकून म्हणाले, ‘हवा अडकली असेल. गोंगाट म्हणून टाका, परत विचारणार नाही संगणक.’ मी तसं टाकलं. पण बारा वाजायला आले की माझा हात आपोआप हेडफोनकडे जायचा. खोलीत एसीचा आवाज, बाहेर कंपनीच्या पाळीला आलेल्यांच्या मोटारसायकली, आणि माझ्या कानात माझ्या गावाची सुनसान दुपार. तीन. मग दोन. एकवीस दिवस मी ते ऐकलं आणि एकवीस दिवस गोंगाट लिहिलं. हवा अशी मोजून ठोकत नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मग एक सुट्टी टाकून स्कूटीवर गेले. गल्लीत पोचले तेव्हा पावणेबारा वाजलेले. सगळी माणसं रानात. दारं ओढून घेतलेली, कुत्रीसुद्धा सावलीला. रस्त्यातल्या तुमच्या जुन्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर आता नवं झाकण आहे. मी त्यावर हात टेकून बसले. भोंगा झाला. आणि हाताखाली, लोखंडातून, तीन ठोके आले. हेडफोनमधून ऐकणं वेगळं आणि तळहाताला लागणं वेगळं. मी उठून आवाज आला तिकडे, नळ जातो त्या टोकाला गेले. गल्लीतलं शेवटचं घर, त्याच्यामागे लगेच ऊस. दार नुसतं लोटलेलं होतं, ते ढकललं. आत मोरीच्या कट्ट्याला टेकून एक म्हातारी बसलेली, हातात पितळी तांब्या, दुसरा हात नळावर. ती माझ्याकडे बघत नव्हती. नळाकडे मान कलती करून ती वाट बघत होती. नळ दोनदा दणकला. तिने तांब्या खाली ठेवला आणि मगच विचारलं, ‘कोन हाय गं?’

मी तुमचं नाव सांगितलं. तिने माझा चेहरा निरखला. ‘ल्येक व्हय तू त्यांची. बस की हितं.’

आबा, तिने मला जे सांगितलं ते तुम्ही सांगायला हवं होतं. ऊसतोडीच्या गाडीवरून पडून तिचे पाय गेलेले. नवरा आणि मुलगा दिवसभर रानात. एकदा भर दुपारी ती मोरीत घसरून पडली. ओरडून ओरडून घसा बसला तेव्हा तिने तांब्या नळावर आपटायला सुरुवात केली. आणि तुम्ही चेंबरपाशी सळई कानाला लावून उभे होता. ‘धावत आले बघ. मला उचलून बाजेवर ठेवलं, पानी पाजलं. म्हनले, वहिनी, मी रोज बाराला हितं असतो. तीनदा ठोकायचं, म्हंजे मला कळंल तुमी बऱ्या हाय. न्हाय ठोकलं तर मी येतोच. आन् ऐकलं म्हनून मी दोनदा ठोकनार.’ अकरा वर्षं तुम्ही दोघांनी असं केलं. चार-पाचदा ठोके आले नाहीत, तेव्हा तुम्ही गेलात.

मी विचारलं, ‘आबा गेले, हे तुमाला ठाऊक हाय ना?’

‘ठाऊक न्हाय व्हय? हितनंच तर न्हेलं त्यान्ला.’

‘मग अजून कशाला ठोकता?’

तिला माझा प्रश्नच कळला नाही. ‘ठोका म्हनले व्हते. ठोकू नका असं कुठं म्हनले?’ मग पदराने तांब्या पुसत ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘इतकी वर्सं उत्तर येत नव्हतं. आता येतंय.’

मी तिथून थेट घरी, आईकडे गेले. तुम्ही रोज जेवायला उशिरा यायचा, भाकरी गार व्हायची, आणि आई तोंड फिरवून बसायची. मी पाचवीत असताना तुमच्या मागोमाग गेले होते. म्हातारीच्या त्याच घरातून तुम्हाला बाहेर पडताना पाहिलं आणि पळत येऊन आईला सांगितलं. त्या दिवशी तुम्ही ताटावर बसलात, आई काय काय बोलली, तुम्ही एक शब्द काढला नाहीत. नंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं, मी शहाणपणाच केला. आता मी आईला सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत होती. हात थांबले. ‘मग तसं सांगायचं की मानसानं,’ म्हणाली, आणि उठून मागच्या दारी गेली. बराच वेळ आली नाही.

दोन ठोक्यांचं कारण मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात सापडलं. त्या गल्लीचा नवा व्हॉल्व्ह बरोबर बारा वाजून एक मिनिटाला बंद होतो. मोटारीने झडप बसते तेव्हा एक दणका, आणि पाण्याचा दाब मागे येऊन आदळतो तो दुसरा. वेळ आणि ठोके, दोन्ही नोंदी शेजारी लावून बघितल्या. तंतोतंत जुळल्या. मला हायसं वाटलं, आणि त्याचं थोडं वाईटही वाटलं. पुढच्याच आठवड्यात संगणक पाण्याचा वापर बघून सगळ्यांच्या वेळा बदलणार होता. मी त्या एका व्हॉल्व्हची वेळ बारा-एकला कायम करून ठेवली. कारणाच्या रकान्यात ‘ग्रामस्थांची मागणी’ असं लिहिलं.

आता जे लिहायचं आहे ते कसं लिहू कळत नाही. मागच्या मंगळवारी पहाटे त्या व्हॉल्व्हची मोटार जळली. आमच्या माणसांनी ती सकाळीच काढून दुरुस्तीला बारामतीला आणली, माझ्या समोर टेबलाखाली ठेवली होती. झडप हाताने उघडी करून ठेवलेली. म्हणजे त्या दिवशी तिथे दणका देणारं काहीच नव्हतं. मला म्हातारीचीच काळजी, की उत्तर नाही आलं तर ती काय समजेल. बाराला हेडफोन लावला. भोंगा ऐकू आला. तीन ठोके आले नाहीत. मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. नळातून नुसता पाण्याचा श्वास.

आणि दोन ठोके आले.

तिचे नाहीत. तिचे हलके, पितळेचे असतात. हे खोल होते. थांबून पुन्हा दोन. पुन्हा दोन. उत्तर दिल्यासारखे नव्हते ते, आबा. विचारल्यासारखे होते.

मी शेजारच्या घरच्या सुनेला फोन लावला, ती रानात होती. म्हटलं, ‘पळ, आजींकडं जा, काय इचारू नगंस.’ ती पोचेपर्यंत मी हेडफोन काढला नाही. ठोके चालूच होते. मग फोनवर दार ढकलल्याचा आवाज, मग तिची किंकाळी, आणि ‘जित्ती हाय, अवो ताई, जित्ती हाय’. त्याच वेळी कानातले ठोके थांबले. म्हातारी मोरीत तोंडावर पडलेली होती, नळ सुरू, पाणी नाकापर्यंत आलेलं. दहा मिनिटांनी काही उरलं नसतं, असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं.

ती आता बरी आहे. मी भेटायला गेले तर हळूच म्हणाली, ‘मी ठोकलं न्हाय तरी त्ये आले का गं?’ मी होय म्हणून मान हलवली. तिने डोळे मिटले, झोपली.

अहवालात मी लिहिलं, की रोजचा आवाज न आल्यामुळे शंका आली. साहेबांनी शाबासकी दिली, आता दिवसा एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांसाठी, रोजचा आवाज आला नाही तर सूचना द्यायची व्यवस्था करणार आहेत. त्या दोन ठोक्यांबद्दल मी लिहिलं नाही. ती नोंद संगणकात आहे. मी पुसली नाही आणि पुन्हा ऐकलीही नाही. शेजाऱ्याने हापसा दुरुस्त केला असेल, ट्रॅक्टरचा नांगर लागला असेल, असं काहीतरी असेल. मी शोधलं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, वहीतच राहील. फक्त एक सांगते. काल बारामतीजवळच्या कन्हेरीत, माझ्या घरी, दुपारी कुणी नसताना, मी स्वयंपाकघरातल्या नळावर तीनदा ठोकलं. आमच्याकडे नळ प्लास्टिकचे आहेत, त्यातून आवाज लांब जात नाही, हे मला माझ्या कामामुळे चांगलं ठाऊक आहे. तरी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मी कान लावून उभी होते.