सलामीची चाल कुणाची

रवि. ४ जाने.
कुसुमताईचा फोन. पुढच्या महिन्यात तिच्या वडिलांची, आमच्या बँडमास्तरांची, जन्मशताब्दी. कार्डावर छापायचंय : 'सलामी. रचना : मास्तर'. मी दोन शब्द बोलायचे, मग क्लॅरिनेटवर तीच वाजवायची. हो म्हटलं. चाळीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. सलामी झाल्याशिवाय आमची वरात हलायची नाही, नि दुसऱ्या कुठल्या बँडाला ती येत नसे. दुपारभर सराव केला. दम पुरत नाही पूर्वीसारखा.

मंगळ. ६
सूनबाई अंबडच्या कारखान्यातून कामावरून आली ती फोन पुढे करतच. परवा मी वाजवत होतो ते हिनं गुपचूप फोनला ऐकवलेलं. फोननं ओळखलं म्हणे. "अण्णा, तुमची सलामी हे गोरे लोक कसे काय वाजवतात?"
अमेरिकेतला नाचाचा बँड, पंधरा-वीस वाजवणारे. पहिल्या चार सुरांतच कळलं, आमचीच सलामी. जेवण गेलं नाही.

गुरु. ८
सूनबाईनं वाचून सांगितलं. चाल दुसऱ्या लढाईच्या आधीची. मुळात कुठल्याशा नाटकातलं संथ गाणं. नाटक पडलं. मग नाचाच्या बँडांनी वेग वाढवून उचललं, एकाचं ऐकून दुसऱ्यानं, रेकॉर्डी निघाल्या, त्या पलटणींबरोबर देशोदेशी. लढाईत मास्तर देवळाली कॅम्पात, गोऱ्या साहेबांच्या क्लबात खुर्च्या मांडायला होते. हे त्यांनीच सांगितलेलं. नुसत्या खुर्च्याच मांडत होते का...
पण एक फरक आहे. मधला तुकडा त्यांच्यात एकदाच, आमच्यात लागोपाठ तीनदा. ती मास्तरांची करामत. म्हणजे पदरचं काहीतरी घातलंच की. जरा बरं वाटलं.

शनि. १०
दात घासताना लख्ख दिसलं. चरा पडलेली रेकॉर्ड. सुई मागे उडी मारते, तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, मग कुणीतरी बोटानं पुढे ढकलतं. मास्तरांना नोटेशन येत नव्हतं. कानानं उचललं ते चऱ्यासकट. आणि आम्ही चाळीस वर्षं तो चरा इमानानं वाजवला. नव्या पोरांना मी छड्या मारून शिकवला.

सोम. १२
मालेगाव. रहीमभाईकडे. बँडात ट्रंपेट त्याचा. आडून आडून विचारलं, देवळालीच्या लग्नांत आपण सलामी का नाही वाजवली कधी? मास्तर म्हणायचे, तिथली हवा तिला मानवत नाही. मीही मान डोलावायचो.
रहीमभाई हसला. तिथं साहेबांचे जुने खानसामे राहायचे, त्यातल्या एकानं सुरुवातीलाच चाल ओळखली होती. मास्तर हफ्ताभर कुणाशी बोलले नव्हते.
"म्हणजे तुला ठाऊक होतं?"
"बाबूराव, तुला नव्हतं?" असं म्हणून चहा ओतायला लागला.
एस.टी.त तेच घोळत राहिलं. मला नव्हतं? नक्की?

बुध. १४
संक्रांत. तिळगुळाच्या निमित्तानं कुसुमताईकडे. आज सांगायचंच, असं ठरवून. भिंतीवर मास्तरांचा फोटो, फेटा, बिल्ले. तिनंच विषय काढला. शेवटी शेवटी बाबा ही सलामी कानावर आली की दार लावून घ्यायला सांगायचे. दुखत असेल त्यांना, आता आपल्याला वाजवता येत नाही म्हणून. मग माझ्याकडे बघून : "बाबूभाऊ, तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी काही?"
"नाही," म्हटलं. "थंडी बाधत असेल."
लाडू तोंडात तसाच राहिला. आतापर्यंत खोटं त्यांचं होतं. आज माझंही झालं.

गुरु. १५
सकाळीच तिचा फोन. कार्ड सोमवारी छापायला देतेय. "तोवर त्या रचनेच्या ओळीत काही बदलायचं असेल तर सांगा, भाऊ."
बाकी कार्ड तिनं वाचूनही दाखवलं नाही. तेवढी एकच ओळ. विचारत होती, की तिलाही ठाऊक आहे असं सांगत होती? बघतो म्हटलं. चार दिवस आहेत.