डावीकडचा टवका

अकोला, १४ जून

प्रिय शेखर,

अमरावतीच्या आपल्या कॉलेजात तू विभागप्रमुख होतोयस, अभिनंदन. शुक्रवारी हार, पेढे, सगळं आहे म्हणे. होऊ दे थाटात.

तुझ्या प्रबंधाच्या वेळी मीही हेच काम करत होते हे कळल्यावर परवा तुझी विद्यार्थिनी मंजुषा बडनेऱ्याहून गाडी धरून माझ्याकडे आली. चार वर्षं तंतू घातलेल्या सिरॅमिकच्या प्लेटींना भोकं पाडते आहे बिचारी. ड्रिल शिरतो ती बाजू स्वच्छ येते, बाहेर पडतो तिथे तंतू पिंजलेल्या कापसासारखे निघतात. तुझ्या प्रबंधातल्या फोटोंत मात्र दोन्ही बाजू गुळगुळीत. तशी भोकं पडेपर्यंत तू तिच्या प्रबंधावर सही करणार नाहीस. "मॅडम, माह्या हातातच खोट हाय का जी?" म्हणत ती रडली.

मला आपली प्लेट आठवली, लांबट, काळी. आपलं लग्न ठरलं होतं ते वर्ष. माझ्या हातून ती पडली, वरच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यांदेखत तू विचारलंस, असल्या हातांनी संसार काय करणार? "जाऊ द्या ना साहेब, कोपराच त हाय," ड्रिलवरचे महादेवराव म्हणाले. महिन्याभरात तू लग्न मोडलंस.

मी मंजुषासमोर तुझा प्रबंध उघडला. पुढच्या बाजूच्या फोटोत आपल्या त्याच प्लेटचा टवका वर डावीकडे. मागच्या बाजूच्या फोटोतही वर डावीकडेच. तिला एक कागद आडवा धरायला लावला, वरचा डावा कोपरा फाडला आणि म्हटलं, वहीच्या पानासारखा उलटव. फाटका कोपरा उजवीकडे गेला. पोरगी हुशार आहे, रडायची थांबली. तू प्लेट उलटलीच नव्हतीस, शेखर. ड्रिल शिरतो त्या एकाच बाजूचे दोन फोटो छापलेस.

हे मला अकरा वर्षांपूर्वीच दिसलं होतं. तेव्हा बोलले असते तर तू नुसता नापास झाला असतास. पडायला उंची हवी, म्हणून थांबले. त्या थांबण्यात मंजुषाचीही चार वर्षं गेली. ते तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तिने तक्रार माझ्याच टेबलावर लिहिली. विद्यापीठाकडे ती काल स्पीड पोस्टाने गेली. हे पत्र साध्या टपालाने टाकते आहे, म्हणजे हार सुकल्यावर मिळेल. तक्रारीखाली एकट्या मंजुषाची सही बघून तू सगळा राग तिच्यावर काढशील, म्हणून हे लिहिलं. तो कोपरा मी दाखवला. उडालेला टवका इतकी वर्षं माझ्याकडे होता, तो सोबत पाठवते आहे. बघ, माझ्या हातून आणखी काही फुटलं नाही.

एके काळी तुझीच,
साधना