पेंगणारा पहारेकरी

छत्रपती संभाजीनगर,
९ फेब्रुवारी २०२५

लाडक्या आत्यास,

मिनूचा लांबूनच वाकून नमस्कार. जवळून केला की तू पाठीत धपाटा घालतेस.

इकडं सगळे बरे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते. नळाला पाणी कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळं आमचं सगळं आयुष्य टाकीकडं कान लावून चाललंय. रिटायर झाल्यापासून बाबा गॅलरीत कुंड्यांमध्ये मिरच्या लावतात आणि त्यांच्याशी बोलतात. मिरच्या अजून उत्तर देत नाहीत. तिकडं लातूरला तुझ्या गणिताच्या शिकवण्या कशा चालल्यात?

आता गेमचं. फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मला काय विचारतीस? तो तुझ्या बाबाचा, राजेंद्रचा गेम, त्यालाच विचार," आणि लगेच कुकर लावायला पळालीस. म्हणून पत्र. पत्र हातात असताना कुकरकडं पळता येत नाही.

तर आत्या, 'अंधारी' चालू झाली! तुमचा गेम साठवलेली माळ्यावरची कॅसेट अजून जिवंत होती. टेपवर लावली तर तेच ते चीं-कर्रर्र. आई आतून ओरडली, "मिक्सर कुणी लावला?" तो आवाज मी लॅपटॉपमध्ये घेतला, त्यातून प्रोग्रॅम सोडवला आणि सगळा नव्यानं लिहून काढला. दुबईहून आलेल्या, टीव्हीला जोडायच्या त्या कॉम्प्युटरवरचा तुमचा गेम आता मोबाइलवर चालतो. तोच दौलताबादचा किल्ला, तोच काळोखा बोगदा, तीच वटवाघळं, तोच मागं लागणारा पहारेकरी. मशाल विझायच्या आत वर पोचायचं. तुमच्या वेळी दगड म्हणजे पांढरे चौकोन होते, ते चौकोनच ठेवलेत. रंग देऊन बघितले, पण लई गुळगुळीत दिसायला लागलं. काढून टाकले.

पुढच्या रविवारी तो सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायचा विचार आहे.

हां, एक दुरुस्ती मात्र केली होती. जुन्या गेममध्ये आपण हललो नाही की पहारेकरीपण थांबायचा. बाबा म्हणाले, "तेवढी एक चूक राहून गेली होती बघ. तू काढून टाक." काढली. शिवाय पहारेकऱ्याचं एक चित्र बिघडलेलं सापडलं, मान छातीवर पडलेली. मला वाटलं कॅसेट खराब झाल्यामुळं ठिपके सरकले असतील. पुसून टाकलं. आता माझा पहारेकरी ताठ मानेनं, न थांबता पळत होता आणि मी स्वतःवर जाम खूश होते.

मग खेळून बघायला शेजारच्या दीपमालाकाकूंना बोलावलं. लहानपणी त्या तुमच्याच घरी पडीक असायच्या ना? त्यांनी चष्मा लावला, मोबाइल धरला आणि पहिल्याच वळणावर बोट उचलून गप्प बसल्या. पहारेकऱ्यानं येऊन धरलं. पुन्हा खेळल्या, पुन्हा तेच.

"अगं, हा झोपत का नाय?"

"काकू, पहारेकरी आहे तो. कशाला झोपंल?"

"कशाला म्हणजे? अण्णा आहेत ते!"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. घरात टीव्ही एकच, आणि त्याच्यापुढं खुर्ची टाकून आपले अण्णाआजोबा. बातम्या संपल्या तरी उठायचे नाहीत. तुम्ही पोरं मागं सतरंजीवर. तू कुजबुजायचीस, "कुणी हलू नका रे. गप बसलं की ते पेंगतात." त्यांची मान छातीवर पडली, की तू हळूच जाऊन कॉम्प्युटरची वायर टीव्हीला लावायचीस.

"दमीनंच त्याला झोपायला शिकवलं," काकू म्हणाल्या. "गेम तिचाच की सगळा. राजू नुसता टायपिंगला."

मी बाबांकडं बघितलं. बाबा मिरच्यांकडं बघत होते.

हे लिहायचं होतं म्हणून मी मघापासून नळ, गुडघा, चौकोन करतेय. कारण गेम चालू केला की पहिल्याच पडद्यावर येतं, 'राजेंद्र यांचा खेळ'. तो पडदा मी जसाच्या तसा केला होता. वर बाबांच्या नावाला चमकपण दिली होती. शाळेपासून मी मैत्रिणींना सांगत आलेय, माझ्या बाबांनी गेम बनवलाय.

काकू गेल्यावर बाबा म्हणाले, "कॉलेजच्या प्रदर्शनात ठेवायचा होता. कॉलेजात मी, ती शाळेत. म्हणून माझं नाव टाकलं. तिथं बक्षीस मिळालं. मग जो तो म्हणायला लागला, राजूचा गेम, राजूचा गेम."

"मग?"

"मग काय. मी नाही म्हटलं नाही. तीपण काही बोलली नाही."

"तिला कुणी विचारलं?"

त्यांनी कुंडीतली माती उगाच उकरली. मग म्हणाले, "पण मिने, ते अण्णा आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं गं. एवढी वर्षं मी ती चूकच समजत होतो."

संध्याकाळी मी माझी दुरुस्ती काढून टाकली आणि पडलेली मान परत आणली. बाबा खेळायला बसले. पहिल्या वळणावर थांबले. पहारेकऱ्याची मान हळूहळू खाली आली. आता त्याला चकवून पुढं जायचं, तर गेलेच नाहीत. नुसते बघत बसले. मशाल विझली, तरी बघतायत. मग एकदम खो-खो हसत सुटले. "अगं, घोरायचेपण! आवाज टाकता येईल का?" आई म्हणाली, "शोधायला कशाला लागतं? ह्यांचाच रेकॉर्ड कर. घोरणं बापावरच गेलंय."

तर आत्या, मुद्दा. पहिल्या पडद्यावरचं नाव बाबांनी स्वतःच काढायला लावलं. त्यांची एकच अट आहे: खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'टायपिंग : राजू' राहू दे. ती जागा त्यांची खरीच आहे. वरची जागा रिकामी आहे. मी तिथं 'दमयंती' टाकून बघितलं, 'दमी' टाकून बघितलं, माहेरचं आडनाव, सासरचं, सगळं. दर वेळी वाटलं, पुन्हा तुला न विचारताच चाललंय. म्हणून पुसलं. तू सांगशील ते नाव येईल. नको म्हणालीस तर गेम बाहेर जाणार नाही, घरातच राहील. फक्त 'राजेंद्रला विचार' हे उत्तर चालणार नाही. त्याला विचारून झालंय.

मी बाबांना म्हटलं, फोन तुम्ही करा. तर म्हणे, "काय बोलू तिच्याशी? आम्ही भाऊबीजेलापण हवापाण्यावरच बोलतो." आत्ता ते गॅलरीत फेऱ्या मारतायत. तुझा नंबर काढतात, बघतात, फोन खिशात घालतात. हे पत्र पोचेपर्यंत त्यांचा फोन येऊन गेला असेल, तर काय बोललात ते मला शब्दन् शब्द कळव. आला नसेल तर तूच लाव. आधी त्यांच्यावर पोटभर रागव. मग नाव सांग.

तुझं नाव तुझ्या जागी लिहायला बसलेली,
मृण्मयी